घर तेच, गोष्ट शेजाऱ्यांची

आमची आत्या निवृत्त शिक्षिका. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत ती मुलांचं वाचनालय चालवते आणि कुठलं पुस्तक कोणाच्या हाती द्यायचं याबद्दल तिची मतं पक्की आहेत. माझा धाकटा भाऊ हॅरी पॉटरच्या पिढीतला. २००७ साली सातवा भाग आला, तेव्हा पहाटे उठून दुकानाबाहेर रांग लावलेल्यांपैकी. या दोघांचा एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. मुलांच्या लाडक्या अद्भुत जगांच्या कादंबऱ्या असतात, आणि मग त्याच जगात बेतलेल्या सुट्या गोष्टींचे संग्रह येतात. ते संग्रह म्हणजे खरी भर, की उरलंसुरलं? खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही. गणपतीत, दिवाळीत आणि फोनवर जे कानावर पडलं ते मी एकत्र जुळवलं आहे. टोमणे बरेच गाळले आहेत. माझा कल लपणार नाही, म्हणून आधीच सांगते: मी बरीचशी आत्याच्या बाजूची. पण भावाचा एक मुद्दा मला अजून सुटलेला नाही. तो पुढे येईल.

भाचा : आत्या, सरळ विचारतो. गोष्ट संपली की सांगणाऱ्याने उठावं की नाही? रोलिंगबाईंनी सात भाग लिहिले. शेवटी पोरं मोठी झाली, स्वतःच्या पोरांना शाळेच्या गाडीत बसवायला आली. संपलं! पण नाही. २००८ मध्ये बीडलच्या गोष्टी. २०१६ मध्ये एकदम तीन ई-पुस्तकं. अझ्काबानचा तुरुंग कुठून आला, मॅकगोनागल बाईंचं लग्न कोणाशी झालं, जादू मंत्रालयात कोण कोण मंत्री होऊन गेले. कोणी विचारलं होतं?

आत्या : तूच विचारत होतास. सातवी-आठवीत असताना जेवणाच्या ताटावर दुसरा विषय नसायचा तुझा.

भाचा : विचारण्यात मजा होती गं. मॅकगोनागल बाई एकट्या का, यावर आम्ही मित्र तासन् तास भांडायचो. उत्तर छापून आलं आणि भांडण संपलं. उत्तर काय होतं ते मला आता आठवतही नाही.

आत्या : मग इथे आपलं जमतंय. ती गोष्ट नव्हेच, ती नोंदवही. पण बीडलला त्या रांगेत उभं करू नकोस. बीडलमधल्या पाच गोष्टी हॅरीबद्दल नाहीत, हॉगवर्ट्सबद्दलही नाहीत. जादूगारांच्या घरातल्या आया पोरांना झोपवताना ज्या गोष्टी सांगतात, त्या आहेत. सातव्या भागात काय होतं आठव. हर्मायनीला त्या पुस्तकाचा पत्ता नाही, हॅरीलाही नाही. रॉनला मात्र सगळ्या गोष्टी तोंडपाठ. का? तर तो जादूगारांच्या घरात वाढला, हे दोघं बाहेरून आलेले. सहा वर्षं एका शाळेत काढून, सगळे मंत्र पाठ करून हर्मायनी पहिली येते, पण लहानपणीची एक गोष्ट तिला ठाऊक नाही. परकेपणाची इतकी नेमकी खूण मी मुलांच्या पुस्तकात क्वचित पाहिली आहे.

भाचा : ती खूण कादंबरीतच आहे की. तीन भावांची गोष्टही कादंबरीत अख्खी सांगून झाली. उरलेल्या चार कशाला?

आत्या : त्यातली केसाळ हृदयाची वाचलीस ना? प्रेमात पडून आपलं हसं होऊ नये म्हणून एक तरुण जादूगार स्वतःचं हृदय काढून पेटीत कुलूपबंद करतो, आणि वर्षांनी पेटी उघडतो तर त्याला केस फुटलेले. त्या गोष्टीचा शेवट रक्ताने माखलेला आहे. बाईंनी कादंबरीतही इतकं निर्दय काही लिहिलं नाही. लोककथेचा साज चढवला म्हणूनच ते लिहिता आलं.

भाचा : आणि लगेच त्याच्यामागे मुख्याध्यापक डम्बलडोरचं टिपण! प्रत्येक गोष्टीमागे आहे. मुलाने दचकायच्या आत म्हातारा येऊन समजावतो. आत्या, तुझ्या वर्गात असं कोणी केलं असतं तर तू त्याला बाहेर काढलं असतंस.

आत्या : (हसून) काढलं असतं. टिपणं मी वाचून दाखवताना गाळते.

भाचा : शिवाय हे पुस्तक जन्मालाच कसं आलं ते बघ. हाताने लिहिलेल्या सात प्रती. चामड्याची बांधणी, त्यावर चांदी आणि खडे. सहा प्रती भेट दिल्या, सातवी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात २००७ च्या डिसेंबरात साडेएकोणीस लाख पौंडांना गेली. घेतली कोणी, तर ॲमेझॉनने. बाळांना झोपवायच्या गोष्टींचा पहिला वाचक कोण, तर एक कंपनी!

आत्या : पैसे कुठे गेले तेही सांग. अनाथालयांत अडकलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. पुढे छापील प्रतींमधूनही त्या संस्थेला मिळाले. पैशाची गोष्ट काढायची तर सगळीच काढ.

भाचा : काढतो. ऑझ घे. फ्रँक बॉम यांना ऑझ संपवायचं होतं. १९१० च्या पुस्तकात त्यांनी अख्खा देश अदृश्य करून टाकला, बाहेरच्या जगाशी संबंध तुटला, आता तिकडची बातमी येणार नाही असं सांगून मोकळे झाले. नाटक-चित्रफितींच्या एका खटाटोपात पैसे बुडाले होते, १९११ मध्ये दिवाळं वाजलं, आणि १९१३ मध्ये बिनतारी तारयंत्रावर ऑझशी पुन्हा संपर्क झाला म्हणे! त्याच वर्षी लहान पोरांसाठी सहा छोट्या पुस्तिका आल्या. भित्रा सिंह आणि भुकेला वाघ, डोरोथी आणि टोटो, अशा जोड्या जोड्यांच्या गोष्टी. पुढच्या वर्षी सहाही एकत्र बांधल्या. म्हणजे काय, तर धाकट्या भावंडांना आत्ताच चटक लावायची, मोठी झाली की जाडी पुस्तकं घेतील.

आत्या : त्या पुस्तिकांची बाजू मी घेणार नाही. गोड आहेत, पण ओळखीचे चेहरे नुसते पुन्हा रंगमंचावर येऊन नमस्कार करून जातात. सिंह भित्राच, वाघ भुकेलाच. जे ठाऊक होतं तेच पुन्हा. तुला जी चीड आहे ती तिथे रास्त आहे. पण तू एका वाईट नमुन्यावरून सगळी जातच बाद करतोयस. मूमिनदरीच्या गोष्टी वाच.

(इथे वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. टोवे यान्सन या हेलसिंकीच्या चित्रकार-लेखिका, जन्म १९१४ चा. फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्याकांपैकी, त्यामुळे लिहिलं ते स्वीडिशमध्ये. वडील शिल्पकार, आई चित्रकार. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये त्यांचं मूमिनांचं पहिलं पुस्तक आलं. मूमिन म्हणजे पाणघोड्यासारख्या तोंडाचे, गोल पोटाचे, पांढरे प्राणी. मूमिनमामा (म्हणजे आई), मूमिनपापा आणि त्यांचा मुलगा मूमिनट्रोल एका दरीत, निळ्या उंच घरात राहतात. दाराला कुलूप नाही, येईल त्याला पलंग मिळतो. १९६२ मध्ये, सहा पुस्तकांनंतर, नऊ सुट्या गोष्टींचा संग्रह आला. आत्याच्या वाचनालयातली इंग्रजी प्रत इतकी फिरली आहे की तिला पाठीशी कापडी पट्टी लावावी लागली.)

भाचा : वाचल्यात. चांगल्या आहेत. पण त्या चांगल्या का आहेत, यावर आपलं पटणार नाही.

आत्या : सांग की. मला तेच ऐकायचंय.

भाचा : त्या मूमिनांच्या नाहीतच म्हणून. निनीची गोष्ट घे. एका मुलीला सांभाळणारी बाई तिला मारत नाही, ओरडत नाही, पण दिवसभर थंडपणे टोचून बोलते. पोरगी हळूहळू फिकट होत जाते आणि एके दिवशी दिसेनाशीच होते. ही कल्पना इतकी जबरदस्त आहे की तिला मूमिनदरी लागत नाही. नाशिकच्या एखाद्या वाड्यात घडव, चालेल. मग जगाचं नाव कशाला? विकत घेणाऱ्याला ओळखीचं वाटावं म्हणून.

आत्या : नाही चालणार. बघ, गोष्ट सुरू कशी होते. पावसाळी संध्याकाळ, व्हरांड्यात टेबलाभोवती सगळे अळंबी साफ करत बसलेत. त्यांची मैत्रीण टू-टिकी येते आणि म्हणते, हिला आणलंय. कुणीच दिसत नाही, नुसती गळ्यातली घंटा किणकिणते. आता तू लेखक असशील आणि तुझं हे घर वाचकाला नवीन असेल, तर तुला आधी दहा पानं लिहावी लागतील: ही माणसं कशी, इथे पाहुण्याला कोणी का हाकलत नाही, ही आई अशी का. यान्सनबाईंना एक ओळही लागत नाही. आपल्याला ठाऊक आहे की या घरात असली पोरगी आली तर मामा आधी तिच्या अंथरुणाचं बघणार. रात्री ती आजीच्या जुन्या वहीतलं घरगुती औषध शोधते आणि पोरीच्या पेल्यात घालते. सकाळी पावलं दिसायला लागतात. सतरा वर्षं बांधलेल्या घराचा विश्वास त्या एका पेल्यात आहे. तुझ्या नाशिकच्या वाड्यात तो कुठून आणशील?

भाचा : म्हणजे उसनवारी. कादंबऱ्यांनी कमावलं, कथांनी खर्चलं.

आत्या : खर्चलंच! त्यासाठीच कमवायचं असतं. आणि औषधाने निनी पूर्ण बरी होत नाही, हे विसरू नकोस. मामाच्या मायेने पाय दिसतात, नवा गुलाबी झगा दिसतो, पण तोंड काही दिसत नाही. घरातली चिमुकली, भांडकुदळ लिटल माय तिला स्पष्ट सुनावते की भांडायला शिकत नाहीस तोवर तुला तोंड येणार नाही. आणि होतंही तसंच. समुद्रावर मूमिनपापा गमतीने मामाला धक्क्यावरून पाण्यात ढकलायचं नाटक करतो, निनीला ते खरं वाटतं, आणि ती जाऊन त्याच्या शेपटीला कडकडून चावते. तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा दिसतो: लाल केस, नकटं नाक, आणि चिडलेली. पापाचं नाव खराब झालं त्यात. ‘गमतीने’ म्हणून आई-बाप जे करतात ते मुलाला कसं दिसतं, ते घरातल्याच नायकाच्या शेपटीवर दात उमटवून सांगितलंय. कादंबरीत पापाला कोणी चावलं नसतं.

भाचा : बरं, निनी तुझी. पण शांतता आवडणाऱ्या हेम्युलनची गोष्ट? त्यात मूमिन कुटुंब औषधालाही नाही. जत्रेतल्या पाळण्यांवर तिकिटं कातरणारा एक बापडा, निवृत्तीची वाट बघतोय, त्याला फक्त शांतता हवीय. आठ आठवडे पाऊस पडून सगळी करमणूकबाग वाहून जाते, त्याला आजीची जुनी बाग मिळते. पोरं मोडके पाळणे, घोडे असं एकेक आणून देतात, आणि तो एक गप्प जत्रा उभी करतो, जिथे कोणी ओरडायचं नाही. अप्रतिम. पण यात जगाचा संबंध काय?

आत्या : अरे, हेम्युलन म्हणजे कोण? आधीच्या पुस्तकांत हेम्युलन आला की आपण हसायचो. १९४८ च्या पुस्तकातला टपाल तिकिटं जमवणारा आठव. संग्रह पुरा होतो, आता जमवायला काही उरलं नाही म्हणून तो दुःखी, आणि मग वनस्पतींच्या मागे लागतो. १९५० मध्ये अनाथालय चालवणारी करडी हेम्युलन. १९५७ च्या हिवाळ्याच्या पुस्तकात तर बर्फावर घसरत, शिंग फुंकत आलेला तो दणदणीत हेम्युलन, सगळ्यांना नकोसा झालेला. या जमातीची जातच अशी, नियमवाली, आवाजी, दुसऱ्याला उगाच शिस्त लावणारी, असं आपण गृहीत धरून बसलो होतो. आणि १९६२ मध्ये बाई म्हणतात, थांबा, त्यातल्या एकाला आवाजाचा त्रास होतो. त्याचे नातेवाईक सगळे दणदणीत, त्याला जत्रेत नोकरी त्यांनीच लावली. गोष्ट वाचताना मला माझीच लाज वाटली. आधीचं हसू नसतं तर ही गोष्ट निम्मीच राहिली असती.

(इथे भाऊ थोडा वेळ गप्प होता. फोनवर होते, त्यामुळे मला वाटलं लाईन गेली.)

भाचा : हे मी पाहिलं नव्हतं. मान्य. पण मग माझा खरा मुद्दा घे. यान्सनबाईंनी हा संग्रह कधी लिहिला? १९५४ पासून लंडनच्या ‘ईव्हिनिंग न्यूज’मध्ये मूमिनांची चित्रपट्टी चालू होती. रोजच्या रोज, वर्षानुवर्षं. त्यातून त्या इतक्या कंटाळल्या की शेवटी भाऊ लार्सच्या हाती सोपवली. त्यानंतर आला हा संग्रह. कंटाळलेल्या बाईचा. त्या घराच्या मध्यात त्यांना बसवत नाही म्हणून त्या कडेकडेने फिरतात: फिलिजाँककडे, हेम्युलनकडे, भटक्या स्नफकिनकडे. पुढे काय झालं बघ. १९६५ च्या कादंबरीत कुटुंब दरी सोडून एका ओसाड दीपगृहाच्या बेटावर जातं. १९७० च्या शेवटच्या पुस्तकात तर घर रिकामं. पाहुणे येऊन वाट बघत बसतात, मूमिन शेवटपर्यंत पानावर येतच नाहीत. पुढच्याच वर्षी बाईंचा मोठ्यांसाठीचा कथासंग्रह. म्हणजे १९६२ च्या गोष्टी हे जगात घातलेलं नवं दालन नव्हे, तो बाहेर पडायचा दरवाजा होता. लेखिका त्या दरवाज्याने गेली. मुलं आत राहिली.

आत्या : मुलं आत राहिली, हे तू जरा जास्तच...

भाचा : नाही आत्या. आठ वर्षांचं पोर पुस्तक उघडतं ते मूमिनट्रोलसाठी. त्याला मिळतो कोण? मूमिनपापा, जो एके दिवशी घरचा कंटाळा येऊन हॅटिफॅटनरांच्या होडीत बसून निघून जातो. मुके, रिकामे, विजेची वाट बघणारे प्राणी. चाळिशीतल्या पुरुषाची गोष्ट आहे ती. पोराचा काय संबंध?

(हाच तो मुद्दा. एखाद्या जगात कडेची माणसं पुढे आली की मधलं घर रिकामं व्हायला लागतं का? माझ्याकडे उत्तर नाही. १९६२, १९६५, १९७० ही पुस्तकं ओळीने वाचली की भावाचं म्हणणं खोटं वाटत नाही. आत्याने दिलेलं उत्तर चांगलं आहे, पुरेसं आहे की नाही ते वाचणाऱ्याने बघावं.)

आत्या : पापा शेवटी परत येतो, एवढं तरी सांग. आणि बाप कधीतरी कुठेतरी निघून जातो, मनाने तरी जातोच, हे पोरांना ठाऊक नसतं असं तुला वाटतं? त्यांना ते आपल्याआधी कळतं. त्या कळण्याला गोष्ट मिळाली तर बरंच. राहिला कंटाळा. कंटाळलेल्या माणसाने लिहिलं म्हणून वाईट, हा कुठला न्याय? कंटाळल्यावर तेच तेच लिहिणारे बॉम, आणि कंटाळल्यावर कधी न पाहिलेल्या कोपऱ्यात जाणाऱ्या यान्सन. फरक तिथेच आहे. फिलिजाँकची गोष्ट कंटाळ्यातून येत नाही. ती बाई समुद्रकाठी भाड्याच्या घरात राहते. आजी कधीकाळी तिथे राहायची असं वाटलं म्हणून घर घेतलं, आणि नंतर कळतं की ते हे घर नव्हेच. घरभर पिढीजात कपबश्या, आरसे, शोभेच्या वस्तू. चहाला आलेल्या शेजारणीला ती सांगायचा प्रयत्न करते की काहीतरी भयंकर येणार आहे, आणि शेजारीण विषय बदलते. मग खरंच वादळ येतं. पहाटे समुद्रावरची वावटळ घरातलं सगळं सामान उचलून नेते. फिलिजाँक बघते आणि तिला काय होतं? भीती संपते. ती हसत सुटते, पाण्यात लोळते. ज्याची भीती होती ते होऊन गेलं, आता उरलं काय!

भाचा : ती गोष्ट मला आवडते, पण ती भीती मोठ्यांची आहे.

आत्या : वाचनालयात एक मुलगी ती परत परत नेते. का नेते ते मी विचारत नाही.

भाचा : बरं. आता दुसरं टोक घे. तू मूमिन आणलेस, मी अर्थसी आणतो. ले ग्विनबाईंनी १९९० मध्ये चौथी कादंबरी लिहून तिच्यावर छापलं की हे अर्थसीचं शेवटचं पुस्तक. मग २००१ मध्ये पाच गोष्टींचा संग्रह. आणि त्यात काय, तर आपणच बांधलेल्या जगाचा पाया उकरला. पहिल्या पुस्तकात, १९६८ मध्ये, रोक बेटावरची जादूची शाळा फक्त पुरुषांची. बायकांच्या जादूला तिथे कवडीची किंमत नाही. आणि या संग्रहातल्या पहिल्याच मोठ्या गोष्टीत कळतं की ती शाळा मुळात उभी केली त्यात बायका होत्या. नंतर त्यांना बाहेर ढकललं. मग मी लहानपणी जे वाचलं ते खोटं होतं का?

आत्या : खोटं नव्हतं. अपुरं होतं, जसं शाळेतल्या पुस्तकातला इतिहास असतो. त्या जगातल्या लोकांना ते तसंच शिकवलं गेलं होतं, तुलाही तसंच शिकवलं गेलं. आणि हे काम कादंबरीत करता येत नाही, बघ. कादंबरीला नायक लागतो, त्याचा प्रवास लागतो, शेवट लागतो. तीनशे वर्षांपूर्वी काय झालं, एका दलदलीच्या गावात गुरांच्या रोगावर इलाज करायला कोण आला, या गोष्टींना तिथे जागा नसते.

भाचा : पण त्यांनासुद्धा मोह आवरला नाही! संग्रहाच्या शेवटी अर्थसीचं वर्णन जोडलंय. लोक, भाषा, इतिहास, सगळं. तीच तुझी नोंदवही.

आत्या : आहे. मला ते वाचायला आवडतं, पण ती गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या कपाटात ठेव.

भाचा : मग तुझी कसोटी काय? ‘मला आवडतं ते बरं’ याच्यापलीकडे?

आत्या : आधीच्या पुस्तकाला ज्याच्यासाठी वेळ नव्हता, त्याच्याकडे गोष्ट गेली का, एवढंच मी बघते. हॅरीच्या आणखी एका सुट्टीची गोष्ट मला नको. ऑझच्या सिंहाचा आणखी एक दिवस नको. पण मूमिनांच्या संग्रहातला, स्नफकिनच्या मागे लागलेला तो बारका प्राणी, ज्याला नावसुद्धा नाही, त्याची गोष्ट हवी. स्नफकिन वैतागून त्याला एक नाव देऊन टाकतो. नंतर वाईट वाटून परत त्याला शोधायला जातो, तर प्राण्याला आता वेळ नाही! नाव मिळाल्यापासून त्याचं स्वतःचं आयुष्य सुरू झालंय, घराला पाटी लावलीय, कामं पडलीत. ज्याची भक्ती त्रासदायक वाटत होती तो आता आपल्याला वेळ देत नाही, अशी स्नफकिनची जिरवली आहे यान्सनबाईंनी. आपल्याकडे हे काही नवीन नाही रे. वनपर्वात युधिष्ठिर सगळं हरून बसलाय, आणि बृहदश्व त्याला नळाची गोष्ट सांगतो. मार्कंडेय सावित्रीची सांगतो. मुख्य कथा तिथे थांबलेली असते, म्हणून तू ती पानं उलटून पुढे जातोस का?

भाचा : लहानपणी जायचो. युद्ध कधी येतंय याची घाई असायची.

आत्या : आणि आता?

भाचा : आता नळ-दमयंतीच लक्षात आहे. पण तो डाव तू जिंकलास असं समजू नकोस. नळाची गोष्ट द्यूतात हरलेल्याला सांगितली आहे, तिचं तिथे काम आहे. ती वेगळ्या पुस्तकात, वेगळी किंमत लावून आली नव्हती.

आत्या : हा मुद्दा चांगला आहे.

भाचा : आणखी एक सांगतो, तुझ्याच संग्रहातला. सेड्रिकची गोष्ट. मूमिनट्रोलचा मित्र स्निफ, त्याच्याकडे कापडाचा कुत्रा असतो, डोळे पुष्कराजाचे, गळपट्ट्याला चंद्रकांत मणी. मूमिनट्रोलच्या सांगण्यावरून तो कुणाला तरी देऊन टाकतो, आणि मग रडत बसतो. स्नफकिन त्याला एका मावशीची गोष्ट सांगतो. तिच्याकडे सुंदर वस्तूंचा ढीग, हाड अडकलं, आता आपण मरणार म्हणून तिने सगळं वाटून टाकलं, मोकळी झाली, हसली आणि हाड बाहेर! तात्पर्य ऐकूनही स्निफचं समाधान होत नाही. मी स्निफच्या बाजूचा. त्याला दुसऱ्या कोणाच्या मावशीची गोष्ट नको होती, त्याला त्याचा कुत्रा हवा होता. मला पॉटर हवा असताना तू मला बीडल देतेस, तसंच ते.

आत्या : आणि स्निफला कुत्रा परत मिळतो ना?

भाचा : मिळतो, पावसात भिजलेला. पुष्कराज गेलेले, मणी हरवलेला.

आत्या : तरी तो त्याला जवळ घेतो. यान्सनबाईंनी ते किती थोडक्यात उरकलंय बघ. दुसऱ्या कोणी तिथे दोन पानं डोळे पुसले असते.

भाचा : आत्या, विषय बदलू नकोस. मागच्या आठवड्यात तुझ्या कपाटात मी बघितलं. मूमिनांची आठ पुस्तकं एका खणात, ओळीने. हा संग्रह तिथे नाहीच. तो तू खाली गोष्टींच्या खणात घातलायस, लोककथांच्या शेजारी. मालिकेतलं सातवं पुस्तक आहे ते! पोरं सहाव्यावरून थेट आठव्यावर जाणार. पाठीवर ‘७’ची चिठ्ठी लाव आणि वर ठेव.

आत्या : वर ठेवलं तर फक्त मूमिनवालेच उचलतील. खाली ठेवलं की जादू-बिदू न आवडणारी पोरंसुद्धा नेतात. हेम्युलनची गोष्ट वाचून दोघांनी वरचं पहिलं पुस्तक मागितलं, उलट्या दिशेने चढली ती.

भाचा : म्हणजे तूच म्हणतेस की आधीची पुस्तकं न वाचताही ती गोष्ट चालते. मगाशी म्हणालीस निम्मी राहील.

आत्या : निम्मी चालली, उरलेल्या निम्म्यासाठी वर गेली. तुला काय पाहिजे अजून?

भाचा : दोन प्रती. एक वर, एक खाली.

आत्या : वाचनालयाला वर्गणी किती जमते ठाऊक आहे तुला? दुसरी प्रत तू आण. आणि बीडलची तुझी प्रतही घेऊन ये, नाहीतरी घरात धूळच खातेय. टिपणांच्या पानांना मी क्लिपा लावून ठेवीन.